आशाबाईच्या घरची खिरापत

आशाबाईच्या घरात मुकं माणूस कधी निपजलं नाही. हे गावातच काय, मोताळ्याच्या बाजारातही कोणी सांगेल. तिची सासू वावरात बोलायला लागली की शेजारच्या वावरातले बैल कान टवकारायचे. आशाबाई स्वतः दुसरीतच शाळा सोडून घरी बसलेली, पण जबान अशी की भले भले तिचं दार चुकवून मागच्या बोळीनं जातात. नवरा गेल्यावर वावर तिनं एकटीनं केलं, पोराला शिकवलं, पुण्याच्या कंपनीत लावलं, आणि हे सारं तोंडाच्या बळावर केलं असं ती स्वतःच सांगते. खोटं नाही ते.

आणि अशा घरच्या नातीला शाळेतली पोरं 'मुकी' म्हणत होती!

नात म्हणजे देवेशची पोरगी, सुचिता. पुण्यातच जन्मली, पाचवीपर्यंत तिथंच शिकली. तिची आई चारुलता मागच्या साली आजारपणात गेली. देवेशला कंपनीत कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. पोरीजवळ बसायचं कोणी? म्हणून शाळा उघडायच्या तोंडाला तो तिला आईकडे घेऊन आला आणि गावच्या शाळेत सहावीत तिचं नाव घातलं. पोरगी अंगानं आईसारखी बारीक, पण डोळे आशाबाईचे. समोरच्याला आरपार पाहणारे.

आली तेव्हा बोलत होती. "मला पाणी हवंय." "मला हे नको." आशाबाईला त्याची मोठी गंमत वाटायची. "आली पाह्य माही पुन्याची मडम," असं ती म्हणायची आणि ओट्यावरच्या बायका खिदळायच्या. पोरगी त्यांच्याकडे पाहायची आणि आत निघून जायची. मग ती कमी बोलू लागली. मग शाळेत बोलायचीच बंद झाली. घरीसुद्धा हं, नको, झालं. एवढ्यावर दिवस निघायला लागला. मायेविना लेकरू आहे, रुळेल हळूहळू, असं आशाबाई मनाशी म्हणत राहिली.

पोळा झाला, गणपती उठायला आले आणि शाळेतून बोलावणं आलं. सुचितानं किसनरावच्या मंजुश्रीला नळाजवळच्या पायरीवरून ढकललं होतं. मंजुश्रीची हनुवटी फुटली होती.

आशाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत शाळेत शिरली. हेडमास्तर लक्ष्मीकांत सर खुर्चीतून उठले. बाजूला सहावीच्या वर्गशिक्षिका निवेदिता मॅडम उभ्या होत्या. साखरखेर्ड्याकडच्या, ह्याच साली बदलून आलेल्या, तरुण बाई.

"आशाबाई, बसा. मुलीनं आज फारच केलं हो," सर म्हणाले.

"काऊन केलं ते इचारलं का?"

"विचारलं. ती बोलतच नाही. तोच तर प्रश्न आहे."

"मंग त्या मंजुश्रीले इचारा. तिले तर जबान हाये ना? हनुवटी फुटली, जीभ तर नाही फुटली."

निवेदिता मॅडम खाली पाहून हसल्या. ते आशाबाईनं बरोबर टिपलं.

लक्ष्मीकांत सर वाईट माणूस नव्हे. शाळेवर जीव टाकणारा माणूस. आपल्याला जे सुचलं ते त्यांनी सगळं केलं होतं. पोरगी बोलत नाही असं दिसल्यावर कोणी छळू नये म्हणून तिला पुढच्या बाकावर एकटीला बसवलं. झालं, एकट्या पोरीला आणखी एकटं केलं. मग एक दिवस सकाळच्या परिपाठात, प्रार्थना झाल्यावर, सगळ्या शाळेसमोर तिला उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून सर्वांनी सुचिताशी मैत्री करायची आहे. करणार ना?" सगळी शाळा एका सुरात "होऽऽ सर" म्हणाली आणि घंटा झाल्यावर आपापल्या वर्गात पळाली. हुकमानं कोणी लगोरीसुद्धा खेळत नाही, मैत्री काय करतील! पोरगी मात्र त्या दिवशी घरी आली ती पोटात दुखतंय म्हणून झोपून राहिली.

आशाबाईनं काय कमी केलं होतं म्हणा! ती एकदा थेट सहावीच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि सगळ्या पोरांना ऐकवून आली, "माह्या नातीशी जो बोलनार नाही, त्याची गाठ माह्याशी हाये! ध्यानात ठेवजा!" नंतर एकदा शेंगदाण्याचे लाडू भरून डबा पाठवला. पोरांनी लाडू खाल्ले, डबा धुऊन परत दिला, आणि पोरगी होती तिथंच राहिली.

आता सरांनी घसा साफ केला. "आशाबाई, बुलढाण्याला एक चांगली शाळा आहे. वसतिगृह आहे. अशा मुलांशी बोलणाऱ्या जाणकार बाई तिथं आहेत. मी देवेशरावांना फोन केला होता. ते म्हणाले, दिवाळीला येतो तेव्हा घेऊन जातो."

आशाबाई खुर्चीतच पुढे सरकली.

"माह्या माघारी माह्या पोराले फोन? म्हंजे तुमी माह्या नातीले शाळेतून काढून राह्यले?"

"काढत नाही हो! काढता येतच नाही. तिच्याच भल्यासाठी म्हणतो मी."

"भल्यासाठी तर ढोरंबी बाजारात नेतात, सर."

आशाबाई उठली. तिच्या घरातून पोरगी जाईल तर लग्न होऊन जाईल, नाहीतर नोकरीला जाईल. गावच्या शाळेला झेपली नाही म्हणून जाणार नाही. हे तिनं मनाशी ठरवलं खरं, पण करायचं काय ते तिला कळत नव्हतं. आणि आशाबाईला काय करावं ते कळत नाही, असा प्रसंग गावानं फार पाहिलेला नाही.

निवेदिता मॅडम तिच्यासोबत फाटकापर्यंत आल्या.

"आजी, एक बोलू? राग नका मानू."

"मले राग आला तर तुमाले इचारून येनार हाये का? बोला."

"त्या दिवशी तुम्ही वर्गात येऊन दम दिला ना, तेव्हापासून पोरी तिच्या बाकाजवळून जायलाही घाबरतात. म्हणतात, हिची आजी दारातच उभी असते."

हे ऐकून आशाबाईला आधी बरंच वाटलं. एवढा धाक कोणाचा असतो? चार पावलं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की मॅडमनं तिचं कौतुक केलेलं नाही.

"म्हंजे मीच बिघडवलं म्हनता?"

"तुम्ही नाही बिघडवलं. आम्ही सगळ्यांनी तिला बोल बोल म्हणून घेरलं. सर बोल म्हणतात, तुम्ही बोल म्हणता, मी पण म्हटलं. आता आपण काहीच नाही म्हणायचं." मॅडम थांबल्या. "आजी, तुमच्याकडं भुलाबाई मांडतात का?"

"मांडतात का? अवो, आमच्या घरची भुलाबाई पाहाले धामनगावाहून पोरी येत होत्या!"

वऱ्हाडातल्या माणसाला भुलाबाई सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडतात, त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घालतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाणी संपली की खिरापत. पण ती अशी सुखासुखी हातावर पडत नाही. घरची पोरगी झाकला डबा घेऊन मधे उभी राहते. बाकीच्यांनी डबा हलवून ऐकायचं, वास घ्यायचा आणि तिला विचारायचं. गोड का? खारट का? तळलेली का? तिनं हाव, म्हणजे हो, नाहीतर नाही म्हणायचं. ओळखली तर तिची हार, नाही ओळखली तर तिच्या घराची शान. डबा उघडायचा तो मग.

"ह्या साली मी वर्गातच भुलाबाई बसवते," मॅडम म्हणाल्या. "रोज एकीच्या घरचा डबा. ज्या दिवशी सुचिताचा डबा, त्या दिवशी सगळ्यांना तिला विचारावंच लागेल. तिनं बोलायची गरज नाही. मान हलवली तरी पुरे. एवढं तर ती करेल?"

आशाबाई मॅडमच्या तोंडाकडे पाहतच राहिली. बाई हुशार आहे, ती मनात म्हणाली. साखरखेर्ड्याचं पाणी बरं दिसतं.

"करीन," ती म्हणाली. "आन् एक सांगतो मॅडम. आमच्या घरची खिरापत आजवर कोनी ओळखली नाही. माह्या सासूच्या काळापासून नाही."

मॅडमनं भुलाबाई बसवली. वर्गातल्या टेबलावर धांड्यांचा मांडव झाला, कोणाच्या घरून माती आली, कोणाच्या घरून जरीचा तुकडा. हे पोरींचं काम आहे म्हणून पोट्टे आधी नाक मुरडत होते. पण शेवटी खिरापत आहे असं कळल्यावर तेही टिपऱ्या घेऊन उभे राहिले. पहिल्या दिवशी मंजुश्रीचा डबा होता. तिनं चकल्या आणल्या होत्या. डबा हलला मात्र, मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "चकली!" मंजुश्रीचं तोंड पाहण्यासारखं झालं. मग कोणाचे मुरमुरे, कोणाच्या शंकरपाळ्या, कोणाच्या रेवड्या. रोज ओळखल्या जात होत्या. सुचिता कडेला उभी राहून पाहायची. टिपरी हातात असायची, वाजवायची नाही.

आशाबाई शाळेकडे फिरकली नाही. तसं तिनं मॅडमला वचन दिलं होतं. दुपार झाली की ती ओट्यावर येऊन शाळेच्या दिशेला पाहायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, कापसाची गाडी येनार हाये.

एक दिवस पोरगी शाळेतून आली, दप्तर टेकवलं आणि म्हणाली, "आजी, उद्या आपला डबा आहे. तुला पण बोलावलंय मॅडमनी."

बाप रे! किती दिवसांनी एवढं लांब वाक्य त्या घरात ऐकू आलं! आशाबाईनं काही दाखवलं नाही. "असं का?" एवढंच म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसले. धूर होता, असं ती सांगेल.

मग ती कामाला लागली. आता मुरमुरे आणि रेवड्यांच्या पंक्तीला आशाबाईची खिरापत बसणार होती का! तिनं कपाटातून गोडंबी काढली. बिब्ब्याच्या आतली गोडंबी. वरून बिब्बा अंगाला लागला तर फोड उठतात, आणि आतला गर बदामाच्या तोंडात मारेल असा. ती तिनं तुपावर भाजली, खडीसाखरेत घोळवली. वास येऊ नये म्हणून पुरती थंड होऊ दिली. मग घरच्या कापसाचा एक थर डब्यात घातला, त्यावर गोडंबी, पुन्हा कापूस, पुन्हा गोडंबी, वरून कापूस दाबून झाकण लावलं. डबा कानाशी नेऊन गदगदा हलवला. आत मेल्यासारखी शांतता. आशाबाई गालातल्या गालात हसली.

"काय आहे आत?" सुचितानं दारातून विचारलं.

"ते सांगत नसतात."

"मलाही नाही?"

"कोनालेच नाही. माह्या सासूनं मले सांगितलं नव्हतं. लेकराच्या पोटात राहत नाही, मैत्रिनी गोडगोड बोलून काढून घेतात. म्हनून तर आपली खिरापत फुटत नाही!"

पोरगी काही बोलायला गेली आणि बोलली नाही. आत निघून गेली. आशाबाई आपल्याच नादात होती, तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून आशाबाई वर्गाच्या मागच्या बाजूला खुर्चीवर बसली. पोरं तिला पाहून जरा आवरून बसली. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या, आणि मॅडम म्हणाल्या, "आज सुचिताकडची खिरापत. सुचिता, ये मधे. विचारा रे."

पोरगी डबा छातीशी धरून मधे उभी राहिली. वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. इतक्या जणी तिच्या इतक्या जवळ शाळा सुरू झाल्यापासून कधी आल्या नव्हत्या. एकीनं डबा हलवला. आवाज नाही. दुसरीनं हलवला. आवाज नाही. एका पोट्ट्यानं झाकणाला नाक लावलं.

"खालीच हाये बे!" तो ओरडला.

"खाली कसा? जड हाये ना!"

मागे आशाबाई अभिमानानं फुगून बसली होती.

"गोड हाये का?" मंजुश्रीनं विचारलं. हनुवटीवर अजून पट्टी होती.

सुचिता गप्प.

"मान तर हालव ना. गोड का खारट?"

सुचिताची मान हलली नाही. हाव म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

"तळलेली?"

काही नाही. डबा धरलेली बोटं पांढरी पडली. आणि तेव्हा कुठे आशाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी मान हलवणार कशी? आत काय आहे हे तिलाच माहीत नाही! मॅडमनं एवढी युक्ती रचली, आणि आशाबाईनं घराण्याच्या शानीपायी पोरीचं हाव आणि नाही दोन्ही कापसात दाबून टाकलं होतं. निवेदिता मॅडमनं दुरून आशाबाईकडे पाहिलं. आशाबाईनं पहिल्यांदाच कोणाची नजर चुकवली.

"पाह्य बे," मागून कोणीतरी म्हणालं, "पुन्हा मुकी झाली."

"नसन खेळाचं तर डबा काऊन आनते?"

गोळा झालेली पोरं एकेक मागे सरकायला लागली. आणि त्याच वेळी सुचिताच्या तोंडून निघालं, "मला माहीत नाही!"

वर्ग जागच्या जागी थांबला.

मंजुश्रीची नकला करायची सवय कुठे जाते! नळाजवळही तिनं हेच केलं होतं. मान वाकडी करून तिनं सूर काढला, "मलाऽ माहीत नाऽऽही!" दोघी-तिघी हसल्या.

आशाबाई खुर्चीवरून अशी उठली की खुर्ची मागे पडली. "ए किसनच्या पोट्टे! तुह्या बापाले बोलावू का अथी? तुह्या साऱ्या खानदानाले मी..."

"आजी, तू गप बस!"

हे कोण बोललं म्हणून सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग सुचिताकडे.

आशाबाईला ह्या गावात गप बस म्हणणारं माणूस कोणी नव्हतं. तिच्या नवऱ्याची हिंमत झाली नाही, सरपंचाची झाली नाही, सासूनं एकदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. आता आभाळ कोसळतं असं सगळ्यांना वाटलं. आशाबाईचं तोंड उघडं होतं. तिनं ते मिटलं. खुर्ची उचलली, सरळ ठेवली आणि तीवर बसली.

सुचिता मंजुश्रीकडे वळली. ती बोलायला लागली ती थांबेचना.

"माझे पप्पा घरी 'मले' म्हणतात. म्हणून मी पण म्हणायचे. 'मले दे', 'तुले देते'. पुण्याच्या शाळेत सगळे हसायचे. गावठी म्हणायचे. मग मी 'मला' म्हणायला शिकले. आईनं शिकवलं बसवून. आणि इथं आले तर मी 'मला' म्हटलं तरी तुम्ही हसता. आजी पण हसते. मग मी बोलू कशात? सांग ना! कशात बोलू?"

आता कोणी हसलं नाही. आशाबाईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. पुन्याची मडम. हे दोन शब्द तिनंच ओट्यावर बसून किती वेळा म्हटले होते, आणि प्रत्येक वेळी त्या बारक्या तोंडाला एकेक टाका पडत गेला होता. पण ती बोलली नाही. तिला गप बस सांगितलं होतं.

मंजुश्रीनं हनुवटीची पट्टी चाचपली.

"दोन्हीत बोल ना बे," ती म्हणाली. "कोन अडोलं तुले?"

"तू हसशील."

"हसन तर तू ढकलशीन, आन् काय!"

वर्ग फिस्सकन हसला. ह्या वेळी सुचितासुद्धा ओठ दाबून उभी होती.

"खूप लागलं होतं का?" तिनं हळूच विचारलं.

"लय. तीन दिवस भाकर चावता नाही आली." मग मंजुश्रीला मुद्दा आठवला. "पन डब्यात काय हाये ते तुले खरंच मालूम नाही?"

"नाही ना! आजीनं मलेबी नाही सांगितलं! मी विचारलं होतं तिला!"

सगळा वर्ग वळला तो आशाबाईकडे. "आजी! काऊन वं नाही सांगितलं? आपल्याच पोरीले?" त्यांच्या डोळ्यांत धाक नावाला उरला नव्हता. सुचितानं डबा नेऊन आजीच्या मांडीवर आदळला आणि स्वतः वर्गाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"आता आपण हिला विचारू," ती म्हणाली. "गोड आहे का?"

आशाबाईनं मान हलवली. हाव.

"तळलेली?"

मान. नाही.

"वावरात पिकते?"

आशाबाईनं मान अशी हलवली की ना धड हाव, ना धड नाही.

"बोल ना आजी!"

आशाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. गप बसायला सांगितलं होतं ना! पोरं हसून हसून एकमेकांवर पडली. मॅडम फळ्याला टेकून हसत होत्या. प्रश्नांवर प्रश्न आले. शेंगदाणा? नाही. तीळ? नाही. खोबरं? नाही. सुचिता पुढे होती, मंजुश्री तिच्या खांद्यावर हात टाकून तिच्या कानात नावं सांगत होती, आणि सुचिता ती मोठ्यानं विचारत होती. कधी 'मला', कधी 'मले', जे तोंडाला येईल ते.

घंटा झाली तरी कोणी ओळखलं नाही.

"सुचे, उघड!" मंजुश्री म्हणाली. "घर तुहंच हाये ना? उघड!"

पोरगी आजीपुढे आली. आजीच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं झाकण काढलं आणि कापूस ओढला. कापसाचे पुंजके उडाले, पोरं धावली, आणि गोडंबी एका क्षणात हातोहात गेली. पहिली मूठ सुचितानं मंजुश्रीच्या हातावर ठेवली.

"हरली आशाबाई," मोठ्या माणसासारखा आवाज काढून एक पोट्टा म्हणाला. "आजीची खिरापत फुटली!"

आशाबाईला राहवलं नाही. "फुटली कशी? उघडली म्हन! ओळखली कुठी कोनी?" मग एकदम आठवण होऊन तिनं तोंडावर हात ठेवला.

गलका ऐकून लक्ष्मीकांत सर दारात आले. मधे सुचिता. तिच्याभोवती पाच-सहा पोरी, सगळ्या एकदम बोलताहेत, आणि सगळ्यांत वर तिचा आवाज. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मागे बसलेल्या आशाबाईजवळ आले.

"आशाबाई, हे... हे कसं झालं?"

आशाबाईनं नुसती मान हलवली.

"तुम्हाला बरं नाही का?"

मान. नाही. म्हणजे बरं आहे.

"सर," सुचिता तिकडून म्हणाली, "तिला मी गप बसवलंय."

सर आधी दचकले, मग हसले. भला माणूस, हसताना त्यांचे डोळे भरून आले. तिथंच उभं राहून त्यांनी देवेशला फोन लावला. "देवेशराव, दिवाळीला या. नक्की या. पण ते न्यायचं वगैरे राहू द्या. मी घाई केली." फोन ठेवून ते मॅडमकडे वळले. "निवेदिता मॅडम, ते पुढच्या बाकाचं मला चुकलंच. तिला कुठं बसायचं ते तिला विचारा."

"विचारायची गरज नाही, सर," मॅडम म्हणाल्या. सुचिता केव्हाच मंजुश्रीच्या बाकावर जाऊन टेकली होती.

आता पोरगी त्या दिवसापासून पोपटासारखी बोलायला लागली, असं सांगितलं तर ते खोटं होईल. काही दिवस ती अजूनही गप्प असते. आईची आठवण आली की खिडकीशी बसते. पण मॅडम तिला बोल म्हणत नाहीत आणि मंजुश्री शेजारी बसून आपलं गणित करत राहते. घरी आजीनं मडम म्हटलं, तर पोरगी आजीच्या भाकरीला नावं ठेवते. आशाबाई आता क्वचितच म्हणते.

कोजागिरी झाल्यावर आशाबाई दळण घेऊन गिरणीवर गेली. तिथं शेजारची शालूबाई आणि आणखी चार-पाच बायका बसलेल्या. आशाबाईनं डबा टेकवला आणि सगळी गोष्ट रंगवून सांगितली. गोडंबी किती भाजली इथपासून. शेवटी छाती काढून म्हणाली, "आन् भरल्या वर्गात, मॅडमसमोर, मले म्हनते कशी, आजी, तू गप बस!"

शालूबाईनं तोंडाला पदर लावला. "मायबाई! मंग तू काय केलं?"

"काय करतो? बसलो गप!"

"अवं, पन आजीले असं बोलते का कोनी? माही नात तर नाही बोलत बाप्पा माह्या पुढे. तोंड वर करत नाही."

आशाबाईनं पिठाचा डबा उचलून डोक्यावर घेतला आणि एका हातानं तोल सांभाळत वळली.

"मंग तिले आमच्या मॅडमच्या वर्गात घाल," ती म्हणाली, आणि चालायला लागली.